छोटी गाडी, मोठी हौस: वेगवान हॅचबॅक घेताना अश्वशक्तीपलीकडे काय पाहावे?

चार मीटर लांबी आणि १,२०० सीसीचे पेट्रोल इंजिन, या दोन मर्यादा भारतातील छोट्या मोटारीचे रूप जवळपास दोन दशके ठरवत आल्या आहेत. ज्यांच्या दृष्टीने गाडी चालवणे हाच गाडी घेण्याचा मुख्य हेतू असतो, त्या हौशी चालकांचीही या चौकटीतून सुटका झालेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांनी तर ही रेषा अधिकच ठळक केली. रेषेच्या आतील पेट्रोल गाडीवर आता १८ टक्के कर आहे, तर तिच्या बाहेर पडणाऱ्या गाडीवर ४० टक्के.

या फरकाचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. कर वगळता सात लाख रुपये किंमत असलेली एखादी हॅचबॅक १,१९९ सीसीच्या इंजिनासह आली तर तिच्यावर एक लाख २६ हजारांचा कर बसतो. त्याच गाडीत कंपनीने १,४०० सीसीचे इंजिन घातले, बाकी एकही खिळा बदलला नाही, तरी कर दोन लाख ८० हजारांवर जातो. म्हणजे इंजिनाच्या आकारातील दोनशे सीसींपोटी ग्राहकाला दीड लाखाहून अधिक रुपये मोजावे लागतात, आणि त्यात त्या मोठ्या इंजिनाची स्वतःची वाढीव किंमत धरलेलीच नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणताना ही मोजमापे प्रथम ठरली. पुढे करपद्धती बदलली, दर बदलले, मोजमापे मात्र टिकून राहिली.

म्हणूनच भारतीय बाजारात या वर्गातील गाड्यांची इंजिने एकमेकींची भावंडे वाटावीत इतकी सारखी आहेत. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनमध्ये ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन १२० अश्वशक्ती आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. टाटा मोटर्सने जून २०२४ मध्ये आणलेल्या अल्ट्रोझ रेसरचे १,१९९ सीसीचे इंजिनही तीन सिलिंडरचे, टर्बोचे आणि १२० अश्वशक्तीचेच, टॉर्क १७० न्यूटन-मीटर. कागदावर दोहोंत निवड करणे जवळपास अशक्य आहे. हौशी ग्राहकाची पहिली चूक येथेच होते. तो आकडे ताडून पाहतो, आणि आकडे तर करकायद्याने आधीच एका पातळीवर आणून ठेवलेले असतात. गाडी-गाडीतील खरा फरक वजन, टायर, ब्रेक, स्टीअरिंग आणि गिअर यांत असतो, आणि तो माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापला जात नाही.

या प्रकारच्या गाड्यांचा इतिहासही हेच सांगतो. फोक्सवॅगनने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीस आणली. जगभर 'हॉट हॅच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गाला लोकप्रियता मिळवून दिली ती या गाडीने. तिच्या १.६ लिटर इंजिनाची शक्ती होती ११० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या आय२० एन लाइनपेक्षाही कमी. परंतु तिचे वजन सुमारे ८१० किलो होते. कौटुंबिक गाडीचे घाट, तिची डिकी आणि मागची आसने तशीच ठेवून त्यात थोडे ताकदवान इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन आणि कमीत कमी वजन, एवढीच ती कृती होती. रोज बाजारहाट करणारी गाडी रविवारी घाटात आनंद देऊ शकते, ही तिची मूळ कल्पना.

वजनाचे महत्त्व आज अधिक आहे, कारण नुसता सरळ रेषेतील वेग आता स्वस्त झाला आहे. महिंद्राच्या बीई ६ या विजेवरील एसयूव्हीच्या मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीबाबत ताशी शून्य ते १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठण्याचा दावा कंपनी करते. १२० अश्वशक्तीच्या हॅचबॅकला त्यासाठी दहा सेकंदांच्या आसपास लागतात. सिग्नल हिरवा होताच पुढे निसटणे एवढ्यालाच कोणी खेळकर गाडी म्हणत असेल, तर त्याने हॅचबॅकच्या वाटेला जाऊच नये. हलकी गाडी वळणात आत शिरताना, ब्रेक लावताना आणि एका वळणातून दुसऱ्यात दिशा बदलताना जी चपळता दाखवते, ती बॅटरीचे ओझे वाहणाऱ्या गाडीला इलेक्ट्रॉनिक्सच्या साह्याने काही अंशीच साधता येते. ८२ अश्वशक्तीची, ९०० किलोंच्या आसपास वजनाची साधी मारुती स्विफ्ट आजही अनेक जाणत्या चालकांना आवडते, ती याचमुळे. तिचे खरे खेळकर भावंड, १.४ लिटर टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट, भारतात अधिकृतपणे कधीच आले नाही. कारण पुन्हा तेच, १,२०० सीसीची रेषा.

ही रेषा ओलांडण्याचे धाडस झालेच नाही असे नाही. रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये १.४ लिटरचे १४५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन आली. किंमत दहा लाखांच्या किंचित आत ठेवली होती. चाकणमध्ये बनलेल्या फोक्सवॅगन पोलोच्या जीटी टीएसआय आवृत्तीने २०१३ मध्ये दुसरा मार्ग निवडला. १,१९७ सीसीचे इंजिन रेषेच्या आतच ठेवून टर्बोच्या जोरावर १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि जोडीला सात गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली, टाटाने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जच्या साथीने २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली. यांपैकी एकही आज नवी मिळत नाही. बलेनो आरएस आणि जेटीपी एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू होण्याच्या सुमारास बंद झाल्या, पोलोने २०२२ मध्ये निरोप घेतला.

या यादीकडे केवळ हळहळीने पाहण्यात अर्थ नाही, तिच्यात खरेदीदारासाठी एक व्यावहारिक सूचना आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक वाटा आता एसयूव्ही आणि तत्सम वाहनांचा आहे. वेगवान हॅचबॅक हा कंपनीच्या विक्रीतील छोटा कोपरा असतो आणि नियम कडक झाले की आधी तोच झाडून टाकला जातो. त्यामुळे गाडी निवडताना तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक त्याच कंपनीच्या जास्त खपाच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये वापरले जातात का, हे विचारून घ्यावे. वापरले जात असतील तर गाडी बंद झाली तरी सुटे भाग मिळत राहतात. खास या गाडीसाठीच बनलेले बंपर, एक्झॉस्ट, चाके यांची तशी हमी नसते. जुन्या बाजारात पोलो जीटीला आजही मागणी आहे, परंतु प्रत्येक बंद पडलेल्या गाडीच्या नशिबी ते येत नाही.

नावाची गल्लतही समजून घ्यायला हवी. युरोपात विकली गेलेली 'आय२० एन' ही १.६ लिटर टर्बो इंजिनाची, २०४ अश्वशक्तीची, पुढच्या चाकांसाठी यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल असलेली गाडी होती. भारतात मिळते ती 'आय२० एन लाइन'. एका शब्दाचा फरक, शक्तीत ८४ अश्वांचा. अर्थात एन लाइन ही निव्वळ लाल शिलाईची सजावट नाही. नेहमीच्या आय२० पेक्षा तिचे सस्पेन्शन कडक आहे, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, एक्झॉस्टचा आवाज वेगळा आहे. बाजारात मात्र अशा आवृत्त्याही येतात ज्यांत काळे छत, जाळीवरचे चिन्ह आणि धातूची पेडल यांपलीकडे काहीच बदललेले नसते. सस्पेन्शनच्या स्प्रिंग व डँपर, ब्रेक, टायर आणि स्टीअरिंगची जुळणी यांपैकी नेमके काय बदलले आहे, हे शोरूममधील प्रतिनिधीला थेट विचारावे. एकाचेही उत्तर ठाम मिळाले नाही, तर त्या नावासाठीचे जादा पैसे रंगाचे आहेत असे खुशाल समजावे.

टर्बो इंजिनाचा स्वभाव ओळखूनच गाडी पारखावी लागते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या झोतावर एक छोटी चक्री फिरते आणि ती आत येणारी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची सोय, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखी ओढ दाखवते. पण चक्री वेग घेईपर्यंत क्षणभर जातो. चढावर, कमी फेऱ्यांवर, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी आधी गप्प राहून मग एकदम झेपावली, तर तो हा विलंब. तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनांत तो शहराच्या रहदारीत जास्त जाणवतो, मोकळ्या महामार्गावर जवळपास नाहीसा होतो. उलट थंड हवेच्या उंच ठिकाणी, जेथे विरळ हवेमुळे साधी इंजिने दमतात, तेथे टर्बो आपली ताकद बरीचशी टिकवून धरतो. मसुरी किंवा उटीच्या वाटेने गेलेल्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

गिअरबाबत हौशी मंडळींत दोन तट आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत. २०२१ मध्ये आय२० एन लाइन आली तेव्हा तिच्यात क्लचचे पेडल नसलेला, पण गिअर हाताने टाकायचा मधलाच प्रकार होता. खेळकर म्हणवणाऱ्या गाडीत डाव्या पायाला काम नसणे अनेकांना रुचले नाही. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत पूर्ण मॅन्युअल सहा गिअर आले. सात गिअरचा डबल क्लच स्वयंचलित पर्यायही तिच्यात आहे. अल्ट्रोझ रेसर मात्र केवळ सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आणली गेली. डबल क्लच गिअरबॉक्स वेगाने बदलतो यात शंका नाही. परंतु रोज तास-दीड तास बंपरला बंपर लावून सरकणाऱ्या रहदारीत, कोरड्या क्लचच्या प्रकारांत उष्णता वाढते, आणि वॉरंटी संपल्यानंतरची दुरुस्ती खिशाला जड जाते. मुंबई-बेंगळुरूसारख्या शहरांत राहून गाडी दहा वर्षे ठेवण्याचा विचार असेल तर मॅन्युअल अधिक निर्धोक, असे म्हणायला जागा आहे. गुडघ्याच्या तक्रारी असणाऱ्यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

गाडी आणि रस्ता यांचा संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या जागेपुरता. टायर जमिनीला जेथे टेकतात तेवढाच भाग वेग घेतो, वळवतो आणि थांबवतो. त्यामुळे टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा वाचता येणे ही हौशी चालकाची बाराखडी होय. आय२० एन लाइनवरील १९५/५५ आर१६ याचा अर्थ असा: रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर आणि रिम १६ इंची. गोल्फ जीटीआयच्या २२५/४० आर१८ टायरची भिंत हिशेबाने ९० मिलिमीटर भरते. भिंत जितकी बुटकी तितका टायर वळणात कमी लुळा पडतो आणि स्टीअरिंगचे उत्तर नेमके मिळते. मात्र पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तीच बुटकी भिंत रिम आणि डांबराच्या धारेत चिरडली जाते. शोरूममधून बाहेर पडताच मोठी चाके बसवण्याचा मोह अनेकांना होतो. जड चाकाने गाडीची चपळता घटते आणि रिमचा धोका वाढतो, हे त्या मोहात विसरले जाते. त्याऐवजी त्याच मापाचे चांगल्या पकडीचे टायर घेणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत लाभदायक बदल आहे.

ब्रेकचा विचार वेगाच्या वर्गाने करावा लागतो. ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेल्यास वेग दीडपट होतो, पण गाडीतील गतिज ऊर्जा सव्वादोन पट. थांबण्याचे अंतरही साधारण त्याच प्रमाणात लांबते. समृद्धी महामार्गावर मोटारींना सपाटीच्या भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तेव्हा हा फरक केवळ पुस्तकातला नाही. घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबल्याने ते तापतात आणि पेडल मऊ लागू लागते. मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क असल्यास उष्णता लवकर निघून जाते.

सुरक्षेच्या तारांकनातही बारकावे आहेत. ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत २०२० मध्ये अल्ट्रोझला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. त्याच संस्थेने २०२२ मध्ये तपासलेल्या, दोन एअरबॅग असलेल्या आय२० ला तीन. त्यानंतर ह्युंदाईने सहा एअरबॅग सर्व गाड्यांत दिल्या. परंतु जुन्या तारांकनाचा आकडा आपोआप वाढत नाही, आणि सांगाड्याची मजबुती एअरबॅगच्या संख्येवर ठरत नाही. जलद चालवण्यासाठीच घेतलेल्या गाडीत हा निकष सजावटीच्या फार वर असायला हवा.

चाचणी फेरी हा खरेदीतला सर्वांत दुर्लक्षित टप्पा. शोरूमचा प्रतिनिधी नेतो तो रस्ता बहुधा रुंद, गुळगुळीत आणि दीड-दोन किलोमीटरचा असतो. त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. आग्रह धरून आपल्या रोजच्या रस्त्यावर, तेथील गतिरोधक आणि उखडलेल्या डांबरासकट, किमान अर्धा तास गाडी चालवावी. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत जाताना इंजिन कोठे जागे होते ते पाहावे. वळणातून बाहेर पडताना जोराने वेग दिल्यास स्टीअरिंग हातात एका बाजूला ओढते का, हेही तपासावे. पुढचीच चाके गाडी ओढतात आणि वळवतातही, त्यामुळे जास्त टॉर्क आला की ही ओढ जाणवते. गोल्फ जीटीआयसारख्या गाडीत ती आवरायला पुढच्या चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिफरन्शिअल लॉक आहे, दहा-बारा लाखांच्या गाडीत चालकाच्या मनगटालाच ते काम करावे लागते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची पेडल एकमेकांच्या किती जवळ आहेत, आसन पुरेसे खाली जाते का, या गोष्टी माहितीपत्रकात सापडणार नाहीत. आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याच फेरीत मागच्या आसनावर बसवावे. कडक सस्पेन्शनविषयी त्यांचे मत गाडी घरी आल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

किंमत शोरूमच्या फलकावर सांगितली जाते तेवढ्यावर थांबत नाही. राज्य बदलले की रक्कम बदलते. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात एकरकमी मोटार वाहन कर १२ टक्के, कर्नाटकात १७ टक्के आणि दिल्लीत १० लाखांपुढे १० टक्के. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला पुण्यातील नातलगापेक्षा तीच गाडी पन्नास हजार तरी महाग पडावी, याचे कारण हेच. नोकरीत वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच मालिकेची नोंदणी उपलब्ध आहे. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र ठरतात, आणि कर दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांत भरता येतो. विम्यात मात्र लहान टर्बो इंजिनाचा एक अनपेक्षित फायदा आहे. त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता अश्वशक्तीवर नव्हे तर सीसीवर ठरतो. त्यामुळे १२० अश्वशक्ती असूनही ९९८ सीसीची गाडी एक हजार सीसीपर्यंतच्या सर्वांत खालच्या गटात बसते.

ज्यांना तडजोड नको, त्यांच्यासाठी मूळ गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये ५३ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला भारतात आली. दोन लिटर इंजिन, २६५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क आणि १०० चा वेग ५.९ सेकंदांत. परदेशात पूर्ण तयार झालेली गाडी सीमाशुल्क भरून येते, त्यामुळे किंमत एवढी फुगते. गाडी अप्रतिम आहे. तरीही १२ लाखांच्या गाडीपेक्षा ती चौपट आनंद देते का, असे विचारले तर भारतीय रस्त्यांवर उत्तर नाही असेच द्यावे लागेल. तिची क्षमता जेथे सुरू होते तेथे वेगमर्यादा केव्हाच संपलेली असते. छोट्या गाडीची ताकद चालक कायद्याच्या मर्यादेत राहूनही जवळपास पूर्ण वापरू शकतो, आणि या वर्गाची गंमत त्यातच आहे.

गाडी घेतल्यानंतर ती 'आणखी वेगवान' करण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. मालकाने असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर याच कक्षेत येतात. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवल्यास वॉरंटी धोक्यात येते. शिवाय क्लच आणि गिअरबॉक्स मूळ टॉर्कच्या हिशेबानेच बांधलेले असतात.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. गाडीची खरी परीक्षा घ्यायची असेल तर देशात त्यासाठी जागा आहेत: कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील मद्रास सर्किट. यांतील शेवटचे नाव गमतीचे आहे, कारण ह्युंदाईचा कारखानाही त्याच गावात आहे. मात्र धावपट्टीवर उतरण्यापूर्वी पॉलिसी वाचावी. नेहमीच्या मोटार विम्यातून शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि भिंतीला लागलेल्या बंपरचा खर्च तेथे मालकालाच सोसावा लागतो.